एफए कपचे शिल्पकार : चार्ल्स ऑल्कॉक

जो हरला तो स्पर्धेतून बाद आणि जो जिंकला तो पुढच्या फेरीत, हा साधा नियम देशभरातील फुटबॉल क्लबांना लागू करण्याची कल्पना चार्ल्स विल्यम ऑल्कॉक यांची. तिच्यातूनच १८७१ साली इंग्लंडमध्ये एफए कप सुरू झाला. जगातील सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा म्हणून आज तो ओळखला जातो.

ऑल्कॉक यांचा जन्म २ डिसेंबर १८४२ रोजी सुंदरलँड येथे एका सधन जहाजबांधणी व्यावसायिकाच्या घरी झाला. शिक्षण हॅरो या प्रतिष्ठित शाळेत झाले. तेथील वसतिगृहांच्या संघांमध्ये बाद पद्धतीने सामने होत. ही आठवण त्यांच्या मनात घर करून राहिली. १८५९ मध्ये त्यांनी थोरल्या बंधूंसह ‘फॉरेस्ट’ हा फुटबॉल क्लब स्थापला. पुढे त्यातूनच ‘वाँडरर्स’ हा नामांकित संघ उभा राहिला.

१८७० मध्ये ते फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. संघटना १८६३ पासून अस्तित्वात असली, तरी तिचे नियम सर्वमान्य नव्हते. ठिकठिकाणचे क्लब आपापल्या पद्धतीने खेळत. २० जुलै १८७१ रोजी ‘स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या लंडनमधील कचेरीत झालेल्या बैठकीत ऑल्कॉक यांनी करंडक स्पर्धेचा ठराव मांडला. करंडक हवा असेल, तर एकाच नियमावलीने खेळणे भागच होते.

पहिल्या वर्षी अवघ्या १५ क्लबांनी नावे नोंदवली आणि त्यांतील काहींनी ऐन वेळी माघार घेतली. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाने वाँडरर्सला उपांत्य सामन्यात बरोबरीत रोखले. परंतु फेरसामन्यासाठी लंडनमध्ये येण्याचा खर्च परवडत नसल्याने त्यांना स्पर्धा सोडावी लागली. १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर सुमारे दोन हजार प्रेक्षकांसमोर वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सवर १-० अशी मात केली. २० पौंडांचा तो करंडक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार स्वतः ऑल्कॉकच होते.

सुरुवातीची अकरा वर्षे हा करंडक दक्षिणेतील सुखवस्तू हौशी मंडळींकडेच राहिला. १८८३ मध्ये मात्र चित्र पालटले. गिरणी कामगारांचा भरणा असलेल्या ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड इटोनियन्सचा जादा वेळेत २-१ असा पराभव केला. नामवंत शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना त्यानंतर हा करंडक पुन्हा कधीच जिंकता आला नाही.

खरा संघर्ष पुढेच होता. उत्तरेतील क्लब खेळाडूंना पैसे देतात, अशी तक्रार होऊ लागली आणि १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडला स्पर्धेतून बाद करण्यात आले. संतापलेल्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली. आठवडाभर गिरणीत राबणाऱ्या खेळाडूने सामन्यासाठी मजुरी बुडवायची कशी, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. ऑल्कॉक सरे क्रिकेट क्लबचेही सचिव होते. क्रिकेटमध्ये हौशी व व्यावसायिक खेळाडू एकाच संघातून खेळताना ते रोज पाहत. आपल्याच वर्गातील अनेकांचा विरोध असतानाही त्यांनी व्यावसायिकतेची बाजू घेतली. जुलै १८८५ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि संघटनेतील फूट टळली.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सुरुवातीच्या फुटबॉल लढती, तसेच १८८० साली ओव्हलवर झालेला इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना, यांच्या आयोजनातही त्यांचा मोठा वाटा होता. १८९५ मध्ये ते सचिवपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी बर्मिंगहॅममधील एका दुकानातून मूळ करंडक चोरीस गेला, तो पुन्हा सापडला नाही. २६ फेब्रुवारी १९०७ रोजी ब्रायटन येथे ऑल्कॉक यांचे निधन झाले.

तोवर बाद पद्धतीचे सामने दूरदूर पोहोचले होते. सिमल्यात १८८८ पासून ड्युरँड कप आणि मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जाऊ लागला होता. मूठभर क्लबांच्या विरंगुळ्यासाठी सुरू झालेली स्पर्धा कामगारांच्या वस्त्यांपर्यंत गेली. ती तेथवर जात असताना तिची वाट न अडवणे, हे ऑल्कॉक यांचे मोठेपण.