हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) : नज्जाशींच्या दरबारातील वकील

दोन देशांच्या राजधान्यांत एकमेकांच्या वकिलाती असतात, त्यांच्याद्वारे मैत्री जुळते, तक्रारी मांडल्या जातात, हे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचता. ‘वकील’ म्हटले की आज आपल्याला न्यायालय आठवते. परंतु पेशवाईच्या कागदपत्रांत परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणाऱ्या दूतालाही वकीलच म्हटले आहे, आणि हा शब्द मूळचा अरबी आहे. ज्या महापुरुषाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे, ते परदेशी गेले ते निर्वासित म्हणून. हाती नजराणा नाही, पाठीशी सैन्य नाही. तरीही परक्या राजासमोर मुस्लिमांची बाजू मांडणारे पहिले वकील म्हणून त्यांचेच नाव घ्यावे लागते.

हजरत जाफर (रजि.) हे पैगंबरांचे (स.) चुलते अबू तालिब यांचे पुत्र आणि हजरत अली (रजि.) यांचे थोरले बंधू. दोघांच्या वयात सुमारे दहा वर्षांचे अंतर होते. मक्केत दुष्काळ पडला आणि अबू तालिब यांना मोठ्या कुटुंबाचा भार पेलवेना, तेव्हा पैगंबरांनी (स.) अलींना आपल्या घरी नेले व चुलते अब्बास यांनी जाफर यांना. अगदी सुरुवातीच्या काळात ज्यांनी ईमान स्वीकारले, त्यांत जाफर (रजि.) आणि त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) होत्या.

मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा, इ. स. 615 च्या सुमारास, पैगंबरांनी (स.) अनुयायांना तांबड्या समुद्रापलीकडील हबशा देशाची वाट दाखविली. तेथे ख्रिस्ती राजा नज्जाशी राज्य करीत होता आणि त्याच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, अशी त्याची ख्याती होती. (आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे परिचित असलेला ‘हबशी’ हा शब्द याच देशाच्या नावावरून आला.) प्रथम एक लहान तुकडी गेली, नंतर ऐंशीहून अधिक पुरुष, स्त्रिया व मुले गेली. या दुसऱ्या जथ्याचे पुढारपण जाफर (रजि.) यांच्याकडे आले.

कुरैशांना हे खुपले. हबशाशी त्यांचा व्यापार होता. आपल्याच कुळांतील माणसे त्या देशात जाऊन आपल्या जुलमाची साक्ष देत राहावीत, हे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी रीतसर शिष्टमंडळ धाडले : अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ. (दोघेही पुढे सहाबी झाले, तेव्हा वाचकांनी त्यांच्याविषयी मनात आकस ठेवू नये.) सोबत मक्केचे उत्तम कमावलेले चामडे होते, कारण हबशात त्याला मोठा मान होता. त्यांची योजना धूर्त होती. आधी प्रत्येक दरबाऱ्याच्या घरी नजराणा पोहोचवायचा, मग राजाला भेट द्यायची, आणि दरबाऱ्यांच्या तोंडून असे वदवायचे की या पळपुट्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच नाही, त्यांना परस्पर हवाली करावे.

वाचकहो, येथे थोडे थांबा. मक्केच्या वकिलांना भीती कशाची होती? दुसरी बाजू ऐकली जाण्याची. आणि नज्जाशींनी नेमके तेच केले. आपल्या आश्रयाला आलेल्यांना त्यांचे म्हणणे न ऐकता सोपविणे त्यांना मान्य झाले नाही. त्यांनी मुस्लिमांना दरबारात बोलाविले. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) तेव्हा त्याच निर्वासितांत होत्या, आणि त्यांच्याच कथनातून ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

जाफर (रजि.) उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या समाजाची लाज झाकली नाही. आम्ही मूर्ती पूजत होतो, मेलेले जनावर खात होतो, नाती तोडत होतो, शेजाऱ्याला छळत होतो, आमच्यातला बलवान दुर्बलाला गिळत होता, हे त्यांनी आधी सांगितले. मग ज्यांचे कुळ, सचोटी व प्रामाणिकपणा सर्वांना ठाऊक होता, अशा एका व्यक्तीला अल्लाहने पैगंबर केले, आणि त्यांनी आम्हाला एका अल्लाहची उपासना, खरे बोलणे, अमानत परत करणे, नाती जोडणे शिकविले. छळ झाला म्हणून आम्ही इतर राजांना सोडून तुमच्या देशाची निवड केली, असे ते शेवटी म्हणाले. नज्जाशींनी कुरआनातील काही ऐकण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा त्यांनी सूरह मरयमच्या आरंभीच्या आयती पठण केल्या. राजाची दाढी अश्रूंनी भिजली, धर्मगुरूंच्या पुढ्यातील ग्रंथही भिजले. शिष्टमंडळाची विनंती त्याच दिवशी फेटाळली गेली.

खरी कसोटी मात्र दुसऱ्या दिवशीची होती. अम्र यांनी नवा डाव टाकला : हे लोक हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी फार गंभीर गोष्ट बोलतात, असे त्यांनी राजाच्या कानी घातले. त्यांच्या सोबत्याला हे पटले नव्हते. विरोधक झाले तरी ते आपलेच नातलग आहेत, असे त्याचे म्हणणे होते. आता उत्तरावर शंभरएक माणसांचा आश्रय अवलंबून होता. गोड, संदिग्ध बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि मुत्सद्देगिरीच्या नावाखाली आपणही बहुधा तेच केले असते. मुस्लिमांनी आपसांत विचार केला व ठरविले की काहीही होवो, अल्लाहने व त्याच्या पैगंबरांनी शिकविले तेच सांगायचे. जाफर (रजि.) यांनी दरबारात स्पष्ट सांगितले की ईसा (अलै.) हे अल्लाहचे दास व रसूल आहेत, पवित्र मरयमकडे धाडलेला त्याचा आत्मा व त्याची वाणी आहेत. नज्जाशींनी जमिनीवरील एक काडी उचलली आणि ईसा (अलै.) याहून या काडीइतकेही अधिक नव्हते, असे म्हटले. दरबारी कुरकुरले. राजाने निर्वासितांना अभय दिले व कुरैशांचे नजराणे परत केले. अल्लाहने मला राज्य दिले तेव्हा माझ्याकडून लाच घेतली नाही, मग मी ती का घ्यावी, असा त्यांचा सवाल होता.

त्यानंतर जाफर (रजि.) कित्येक वर्षे हबशात राहिले. अब्दुल्लाह, मुहम्मद व औन ही मुले तेथेच जन्मली. पुढे पैगंबरांनी (स.) हजरत अम्र बिन उमैया (रजि.) यांना पत्र देऊन नज्जाशींकडे धाडले. हेच दूत दरबारात दिसले असता, त्या सुमारास तेथे आलेल्या अम्र बिन आस यांनी त्यांना ठार मारण्यासाठी मागितले. राजा इतका संतापला की अम्र यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. इब्ने इसहाक यांच्या वृत्तांतानुसार तेथेच त्यांच्या मनात ईमान उतरले. या राजाच्या निधनाची वार्ता कळली तेव्हा पैगंबरांनी (स.) मदीनेत सहाब्यांसह त्यांच्या जनाज्याची नमाज अदा केली. कोकणातील आमचे शाफई बंधू गायबाना नमाज अदा करतात ती याच आधारावर. हनफी उलमा हा प्रसंग अपवाद मानतात.

हिजरी सन 7 मध्ये दोन जहाजांतून मुस्लिम परतले. खैबर जिंकले गेले त्याच वेळी जाफर (रजि.) येऊन पोहोचले, पैगंबरांनी (स.) त्यांच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि आपल्याला खैबरच्या विजयाचा आनंद अधिक की जाफरच्या येण्याचा, हेच सांगता येत नाही, असे म्हटले. मदीनेतील गरिबांना ते घरी नेऊन जेऊ घालीत, काही उरले नाही तर रिकामा बुधला आणून फोडीत व भुकेले त्यातला उरलासुरला अंश चाटीत, ही हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची आठवण आहे. लोक त्यांना अबुल मसाकीन, गरिबांचा बाप, म्हणत.

घरचे हे सुख फार काळ लाभले नाही. पैगंबरांचे (स.) दूत हजरत हारिस बिन उमैर (रजि.) बुसराच्या शासकाकडे पत्र घेऊन निघाले असता, शुरहबील बिन अम्र गस्सानी याने त्यांना पकडून ठार केले. दूताला हात लावायचा नाही, ही त्या काळच्या शत्रूंनाही मान्य असलेली रीत होती. कुरैशांचा निरोप घेऊन आलेले अबू राफे (रजि.) इस्लामने भारावून मदीनेतच राहू म्हणाले, तेव्हा मी दूताला अडकवून ठेवत नाही, असे सांगून पैगंबरांनी (स.) त्यांना आधी परत धाडले होते. हारिस यांच्या हत्येमुळे हिजरी सन 8 च्या जमादिउल अव्वलमध्ये तीन हजारांचे सैन्य मूताकडे निघाले. ज्यांना नज्जाशींनी एकदा ऐकून घेतले म्हणून जीवदान मिळाले होते, ते जाफर (रजि.) आता ज्याचे ऐकूनच घेतले गेले नाही अशा दूतासाठी चालले होते.

हजरत जैद (रजि.) शहीद झाल्यावर ध्वज जाफर (रजि.) यांनी घेतला. उजवा हात तुटला, डाव्याने धरला. तोही तुटला, तेव्हा छातीशी कवटाळला. त्यांच्या शरीरावरील जखमा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी मोजल्या, पाठीवर एकही नव्हती. त्या दोन हातांच्या बदल्यात जन्नतमध्ये त्यांना दोन पंख मिळाले, म्हणून ते जाफर तय्यार म्हटले जातात.

इकडे मदीनेत अस्मा (रजि.) यांनी पीठ मळून, मुलांना न्हाऊमाखू घालून तयार केले होते. पैगंबर (स.) आले, मुलांना जवळ घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले. अस्मा (रजि.) समजल्या. परत जाऊन पैगंबरांनी (स.) आपल्या घरच्यांना सांगितले की जाफरच्या घरी जेवण शिजवून धाडा, आज त्यांच्यावर असे संकट आले आहे की त्यांना स्वयंपाकाचे भान राहणार नाही. मय्यत झालेल्या घरी शेजारच्या घरांतून जेवण जाते, ते त्या दिवसापासून.