मार्कोनी आणि हौशी मंडळी



गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीत बोलोन्या येथे झाला. बिनतारी संदेशासाठी १९०९ चे नोबेल मिळाले, तरी दूरच्या पल्ल्यास लांब लहरीच हव्यात, असे तेही बराच काळ मानत. अमेरिकेत निरुपयोगी समजलेल्या लघुलहरी १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींकडे गेल्या. १९२३ मध्ये मार्कोनींनी ‘एलेत्त्रा’ जहाजावर त्या पारखल्या. त्याच वर्षी हौशींनी त्यांवरून अटलांटिकपार संवाद साधला. १९२७ पासून पुणे जिल्ह्यातील खडकी-दौंड केंद्रे मार्कोनी पद्धतीने इंग्लंडशी जोडली गेली. २० जुलै १९३७ रोजी ते निवर्तले.

पालकहो, मुलांच्या छंदाला वेळेचा अपव्यय म्हणण्यापूर्वी हे आठवावे, अशी आमची विनंती आहे.