आर्थर वेलस्ली

आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा पहिला ड्यूक (१७६९ – १४ सप्टेंबर १८५२) हा ब्रिटिश सेनापती व राजकारणी होता. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईतील विजयामुळे तो जगप्रसिद्ध झाला असला, तरी दुसऱ्याच्या मुलखात सैन्य कसे वागवावे याचे धडे त्याने प्रथम दख्खनमध्ये गिरवले.

आयर्लंडमधील डब्लिन येथे एका सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. १७९७ मध्ये तो आपल्या पलटणीसह हिंदुस्थानात आला. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर शहरात लूटमार माजली, तेव्हा काही सैनिकांना फाशी व फटक्यांची शिक्षा देऊन त्याने ती थांबवली.

दख्खनची मोहीम

वसईच्या तहानंतर (३१ डिसेंबर १८०२) दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्यासाठी वेलस्ली म्हैसूरहून निघाला आणि २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोहोचला. वाटेतला प्रदेश मित्राचा, म्हणजे पेशव्यांचा होता. पटवर्धन, बापू गोखले यांसारखे मराठे सरदारही त्याच्याबरोबर होते. रयतेकडून काहीही मोबदल्याशिवाय घेऊ नये, असा त्याचा सक्त आग्रह होता. यामागे दयाबुद्धीपेक्षा हिशेब अधिक होता. सैन्याचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर आणि गावोगावच्या बाजारांवर अवलंबून होते. गावकरी धान्य पुरून पळाले, तर तोफाही जागच्या हलल्या नसत्या. ऑगस्टमध्ये अहमदनगरची पेठ घेतल्यावर लूट करताना सापडलेल्या शिपायांना त्याने वेशीपाशीच फाशी दिले.

२९ ऑगस्टला तो औरंगाबादेस आला. पिशोर, फुलंब्रीपासून अजिंठ्यापर्यंतच्या या डोंगरपायथ्याच्या भागात निजाम, पेशवे व शिंदे यांची गावे एकमेकांत गुंतलेली होती. मित्राचे गाव कोठे संपते आणि शत्रूचे कोठे सुरू होते, हे साध्या शिपायाला कळणे कठीण होते. शिस्तीची गरज त्यामुळे वाढली. २३ सप्टेंबर रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्यात त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात घेण्यास निजामाच्या किल्लेदाराने नकार दिला, आणि अखेर अजिंठ्यास रुग्णालय उभारावे लागले. मैत्रीचा करार दरबारांत झाला होता, किल्लेदाराच्या मनात नव्हे. तरीही ऑक्टोबरमध्ये फुलंब्रीच्या परिसरात राहून वेलस्लीने निजामाच्या मुलखाचे रक्षण केले. पुढे अडगाव व गाविलगडच्या विजयांनंतर डिसेंबरमध्ये भोसले व शिंदे यांच्याशी तह झाले.

पोर्तुगाल व स्पेन

१८०८ मध्ये नेपोलियनविरुद्ध तो पोर्तुगालात उतरला. त्याचे बहुतेक सैनिक प्रॉटेस्टंट, तर यजमान कॅथलिक होते. म्हणून त्याने सविस्तर हुकूम काढला. उपासना चालू असताना सैनिकांनी परवानगीशिवाय चर्चमध्ये जाऊ नये. रस्त्यातून पवित्र ख्रिस्तप्रसाद नेला जात असता थांबून त्याकडे तोंड करावे, अधिकाऱ्यांनी टोपी काढावी आणि पहारेकऱ्यांनी शस्त्रांनी मानवंदना द्यावी, असे त्यात बजावले होते.

हुकूम स्पष्ट असले तरी पगार अनेकदा महिनोन्‌महिने थकत. एप्रिल १८१२ मध्ये भीषण हल्ला करून बादाहोस हे स्पॅनिश शहर फ्रेंचांकडून सोडवल्यावर त्याच्या सैनिकांनी तेथील रहिवाशांनाच लुटले, मारले आणि स्त्रियांवर अत्याचार केले. सैन्य आवरण्यास सुमारे तीन दिवस लागले. शहरात फाशीचे खांब उभे करावे लागले. पुढच्या वर्षी सान सेबास्तियान येथेही तेच घडले व शहर जळाले. मित्रांना मुक्त करणारे सैन्यच त्यांचा काळ ठरले, हा त्याच्या कीर्तीवरील गंभीर डाग आहे. श्रीरंगपट्टणातली तत्परता येथे दिसली नाही.

ऑक्टोबर १८१३ मध्ये फ्रान्समध्ये शिरल्यावर त्याने वेगळा मार्ग धरला. स्पॅनिश सैनिकांना आपल्या देशातील अत्याचारांचा सूड घ्यायचा होता. त्यांनी गावे लुटताच मनुष्यबळाची हानी पत्करून त्याने त्यांपैकी बहुतेकांना परत पाठवले. फ्रेंच शेतकऱ्यांना मालाचे पैसे रोख मिळू लागले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले नाही.

उत्तरायुष्य

१८२८ ते १८३० या काळात तो ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याच्याच कारकिर्दीत १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क देणारा कायदा झाला. वॉल्मर येथील किल्ल्यात त्याचे निधन झाले व लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन करण्यात आले.