किरायाची खोली आणि बाबासाहेब

कोहमारा चौकात मुंबई-कोलकाता महामार्गाला गोंदियाकडून आणि नवेगावबांधकडून येणारे रस्ते मिळतात. सडक अर्जुनी तालुक्यातल्या गावांतली आपली मुले-मुली बारावीनंतर इथूनच बस धरून गोंदियाला, नागपूरला किंवा त्याहून पुढे शिकायला जातात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर किरायाने खोली शोधावी लागते. घरमालक किराया सांगतो, लाईट बिलाचे सांगतो आणि मग सहज विचारल्यासारखे पूर्ण नाव विचारतो. आडनाव रामटेके, गजभिये किंवा वासनिक निघाले की खोली कालच गेलेली असते. मग पुढच्या दारात काही जण आडनाव गाळतात, काही दुसरेच सांगतात, आणि रात्री स्वतःचीच लाज वाटून घेतात. हे आम्ही तरुणांकडून फार वेळा ऐकले आहे. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या वेळी आम्ही ते जिथे जिथे राहिले त्या खोल्यांवरून सांगत आहोत.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्म झाला तेव्हा वडील सुभेदार रामजी लष्करात होते. पुढे साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या. त्यानंतर हे कुटुंब मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीत. खोली एकच, आणि स्वयंपाक, झोपणे, पाहुणे सगळे तिच्यातच. दिवसा अभ्यासाला जागा नाही म्हणून रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. तेवढ्या शांततेत एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी दिव्यापुढे बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, १९१२ साली बी.ए.

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत. ती मैत्री जन्मभर टिकली, पुढच्या शिक्षणाला भथेनांचे पैसेही कामी आले. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रसंगातही पारशीच आहेत आणि एका प्रसंगावरून एका समाजाला तोलणे बाबासाहेबांना मान्य झाले नसते.

शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धात ते जहाज बुडाले आणि त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याचा प्रवास झाला. वय २६, हातात कोलंबियाची एम.ए. पदवी. प्रश्न मात्र एकच होता, राहायचे कुठे?

हिंदू खानावळीत जात विचारणार. ओळखीच्यांकडे जावे तर त्यांना अडचण. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती, पण सांभाळणाऱ्याला पैशांची गरज होती. ठरले असे की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि राहण्या-जेवणाचे रोज दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, लागून न्हाणी. बाकीच्या मोठ्या दिवाणखान्यात मोडक्या खुर्च्या, फळ्या, अडगळ. विजेचा दिवा नाही, कंदील. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी त्या ओसाड माडीवर एकट्याने पुस्तक वाचत बसणे. संस्थानाचा बंगला मिळावा म्हणून अर्ज केलेला होता, त्यावर हालचाल होत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा जण काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, पारशी नाव लावून आमची जागा बाटवलीस, अशी दरडावणी झाली. बाबासाहेबांनी आठ तासांची मुदत मागून घेतली. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. दोन मित्र होते. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. ते पतिपत्नी मूळचे ब्राह्मण, तेव्हा या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांना कळला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. चार वर्षांच्या परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत हे ते जवळजवळ विसरले होते. बडोद्याने आठवण करून दिली. अठरा वर्षांनीही हा दिवस डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असे त्यांनी वेटिंग फॉर अ व्हिसा या आत्मकथनात नोंदवले आहे.

बडोद्याला आता संकल्प भूमी आहे आणि २३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. बागेतल्या संकल्पावर भाषणे खूप होतात. आम्हाला मात्र नोंदवहीतले ते खोटे नाव अधिक महत्त्वाचे वाटते. जगातल्या उत्तम विद्यापीठातून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून दुसऱ्याचे नाव घ्यावे लागले. त्यांनी ते लपवले नाही, स्वतःच लिहून ठेवले. तेव्हा आज आडनाव गाळून खोली घेणाऱ्या पोराला आपल्यातल्या कोणी भित्रा म्हणू नये. लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे. पण हेही खरे की त्या नावाने मिळाले अकराच दिवस.

मुंबईत मात्र खोली टिकली. परळच्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या. प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने या चाळी कामगारांसाठी बांधल्या होत्या. एखाद्या मालकाच्या मर्जीवर मिळणारी खोली आणि सार्वजनिक संस्थेची खोली यांत केवढा फरक पडतो, हे बडोदा आणि परळ शेजारी ठेवले की दिसते. सुमारे बावीस वर्षे ते तिथले भाडेकरू होते. मधल्या काळात, १९२१-२२ मध्ये, लंडनला १० किंग हेन्रीज रोडवर राहिले. तिथे घरमालकीण कडक आणि जेवण तुटपुंजे. इकडे परळला रमाई संसार रेटत होत्या. शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला याच चाळीत आले. १९२६ ला राजरत्न गेला तो इथेच राहत असताना. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, हे सगळे करणारा माणूस घरी येत होता तो चाळीत.

स्वतःचे घर झाले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृह. तेही मुख्यतः पुस्तकांसाठी. रमाईंना ते फार थोडे लाभले, २७ मे १९३५ ला त्या गेल्या.

राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांची नावे आली, खासगी किरायाच्या घराचे नाव आले नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते ठेवू दिले, ते याच फटीतून. पण १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आपल्या तरुणांनी वाचलाच पाहिजे. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. घरमालक कारण कधी तोंडाने बोलत नाही, ही खरी अडचण. म्हणून मेसेज जपा, आणि त्याच खोलीसाठी वेगळ्या आडनावाच्या मित्राला विचारायला पाठवा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात जवळपास याच पद्धतीने अभ्यास करून भेदभाव दाखवून दिला आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडले आणि सरकारी बंगलाही गेला. दिल्लीत पुन्हा भाड्याचे घर आले, सिरोहीच्या राजाचे, २६ अलीपूर रोड. तिथे राहत असतानाच १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक त्यांनी लढवली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. ते हरले. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात तो सल शेवटपर्यंत राहिला. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांनी अलीपूर रोडच्या त्याच घरात पूर्ण केला, आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेही तिथेच. तिथून पार्थिव विमानाने मुंबईला आले, आधी राजगृहावर, मग दादर चौपाटीला.