डॉ. हार्ट यांनी मागितलेली शस्त्रक्रिया

हल्ली आरोग्य खात्याची माणसे हातात मावेल एवढे एक्स-रे यंत्र घेऊन वस्त्यांमध्ये जातात आणि खोकला नाही, ताप नाही, अशा माणसांच्याही छातीचा फोटो काढतात. एखादी आजी हटकून भांडते. मला काही झालेले नाही, मग फोटो कशाला? तिला समजावून सांगावे लागते की क्षयरोग पुष्कळदा आधी फोटोत दिसतो आणि खोकला नंतर सुरू होतो. ही समजूत आज आम्हा डॉक्टरांच्या अंगवळणी पडली आहे. पण ती रुजावी म्हणून ज्यांनी अमेरिकेत आयुष्य वेचले, त्यांत डॉ. ॲलन हार्ट हे एक होते. मात्र आज मला लिहायचे आहे ते त्या कामाच्या वीस वर्षे आधीचे. तेव्हा हे हार्ट टेबलाच्या पलीकडे, रुग्णाच्या खुर्चीत बसले होते.

हार्ट यांचा जन्म १८९० मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात झाला. जन्माच्या वेळी नोंद झाली ती मुलगी म्हणून. वडील विषमज्वराने गेले तेव्हा मूल जेमतेम दोन वर्षांचे होते. आई त्याला घेऊन पश्चिमेकडे, ओरेगॉन राज्यात माहेरच्या माणसांजवळ आली. आजोबांच्या शेतावर या मुलाला मुलग्यासारखे कपडे घालायला आणि मुलग्यांची कामे करायला मोकळीक होती. तो स्वतःला मुलगाच समजत असे. शाळेत गेल्यावर मात्र झगा घालावा लागला. पुढे आजी-आजोबा वारले, तेव्हा निधनाच्या बातमीत ॲलनचा उल्लेख नातू असा छापला गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी कुटुंबाची ही गोष्ट आहे.

१९१७ मध्ये हार्ट पोर्टलंड येथील वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, तेही पदक मिळवून. पण पदवीवर नाव जन्माच्या वेळचे, म्हणजे बाईचे होते. हे त्यांना फार लागले, कारण त्या कागदाशिवाय पुरुष म्हणून नोकरी कशी मागणार?

त्याच सुमारास ते जे. ॲलन गिल्बर्ट या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. तक्रार सांगितली ती वेगळीच: मोठ्या आवाजांची भीती वाटते. असे रुग्ण आम्हाला रोज भेटतात. डोके दुखते म्हणून येतात आणि खरी गोष्ट उठता उठता, दाराशी पोहोचल्यावर सांगतात. गिल्बर्ट यांनी नेटाने विचारले आणि हळूहळू सगळे बाहेर आले. आधी संमोहनाने हार्ट यांना 'बाई' करण्याचा प्रयत्न झाला. तो हार्ट यांनीच थांबवला. मला बदलायचे नाही, मला पुरुष म्हणून जगायचे आहे, आणि त्यासाठी माझे गर्भाशय काढा, अशी त्यांची मागणी होती.

या मागणीमागे दोन कारणे मांडली गेली. एक कारण पाळीच्या वेदनेचे. हार्ट यांना पाळीत फार त्रास होई. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात आणि त्यांमुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. ही द्रव्ये जास्त असली की ओटीपोटात कळा येतात, उलट्या होतात, घाम फुटतो. काहींच्या बाबतीत हे अस्तर गर्भाशयाबाहेरही वाढते, मग दुखणे आणखी चिवट होते. १९१७ मध्ये यातले फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ज्याला आपण बाई नाही हे पक्के ठाऊक आहे, त्याला दर महिन्याला चार दिवस स्वतःच्या शरीराने तेच पुन्हा ऐकवायचे, ही या दुखण्याची दुसरी बाजू. ती कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

दुसरे कारण वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. हार्ट यांनी म्हटले की माझ्यासारख्या माणसाला मूल होऊ नये हेच बरे. १९१७ मध्येच ओरेगॉन राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. 'चांगली' प्रजा वाढावी आणि 'सदोष' माणसांना मुले होऊ नयेत, हा विचार तेव्हा विज्ञान म्हणून शिकवला जाई आणि शिकलेले डॉक्टर तो मान्य करत. हार्ट स्वतः डॉक्टर होते. आपल्या व्यवसायाचे कान कोणत्या शब्दाला उघडतात, हे त्यांना ठाऊक असणार. मला वाटते, वेदना पुरेशी ठरणार नाही हे ओळखून त्यांनी स्वतःला सदोष म्हणवून घेतले. वेदनेवर उपचार मिळवण्यासाठी रुग्णाने आधी स्वतःचा अपमान करून घ्यावा, ही काही फक्त त्या काळची गोष्ट नाही.

गिल्बर्ट बराच काळ अडखळले. शेवटी ते तयार झाले आणि १९१७-१८ च्या सुमारास शस्त्रक्रिया पार पडली. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. पोट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. तो धोका एका डॉक्टरने समजून उमजून पत्करला, यावरून गरज किती होती ते कळते. अमेरिकेत नोंद असलेल्या अशा प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी ही एक.

इथे आपल्याकडचे एक आठवते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या 'पिशव्या काढण्या'चा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पाळीच्या तक्रारींवर औषधे देऊन पाहण्याआधीच तरुण बायकांची गर्भाशये काढली जात होती. तीच शस्त्रक्रिया एकीला न मागता सुचवली जाते, आणि एखादा मागत येतो तेव्हा त्याला हाकलून दिले जाते. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते: समोरच्याला नीट विचारणे.

आज एखादा पारलिंगी तरुण पाळीच्या वेदनेने आला, तर आमच्या हाती हार्ट यांच्या वेळेपेक्षा बरेच काही आहे. आधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. पाळीच्या आदल्या दिवसापासून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणेच कमी करतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या तांबीसारख्या साधनाने पाळी बंदही ठेवता येते. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते. मात्र पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे समजू नये. कळाही काहींना येतच राहतात. गर्भाशय काढायचे ठरले, तर बीजकोश ठेवायचे की नाही हा वेगळा निर्णय असतो. दोन्ही बीजकोश गेले आणि हार्मोन थांबले, तर हाडे ठिसूळ होतात. मूल हवे असल्यास बीजे आधीच गोठवून ठेवता येतात. हे सगळे त्याला सांगायचे आणि मग त्याचे ऐकायचे. स्त्रीरोग विभागाच्या बाकावर, साड्या आणि पंजाबी ड्रेसच्या रांगेत, शर्ट-पँट घातलेला आणि दाढी फुटू लागलेला तरुण बसतो. शिपाई मोठ्याने बाईचे नाव पुकारतो आणि सगळी रांग वळून बघते. त्यातले काहीजण तिथूनच परत जातात. त्यांची वेदना कोणत्याच केसपेपरवर येत नाही.

हार्ट यांनी शस्त्रक्रियेच्या सुमारासच केस कापले, नाव बदलले, आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये आयनेझ स्टार्क यांच्याशी लग्न केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात काम करताना एका जुन्या ओळखीच्या व्यक्तीने त्यांना ओळखले आणि प्रकरण वर्तमानपत्रात गेले. नोकरी सुटली. पुढची वर्षे गावोगाव फिरण्यात गेली. जम बसतो न बसतो तोच पुन्हा कुजबुज आणि पुन्हा बिऱ्हाड. आयनेझ सोडून गेल्या. १९२५ मध्ये हार्ट यांनी एडना रडिक यांच्याशी लग्न केले. तो संसार शेवटपर्यंत टिकला.

ते क्ष-किरणशास्त्राकडे वळले. क्षयावर औषध नव्हते तो हा काळ. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चे दशक उजाडायचे होते. रोग लवकर ओळखणे आणि रुग्णाला वेगळे ठेवणे एवढेच हाती होते. आयडाहो राज्यात हार्ट यांनी गावोगाव फिरती तपासणी केंद्रे चालवली आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या छातीचे फोटो काढले. १९४८ मध्ये येल विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि नंतर कनेक्टिकट राज्याच्या क्षयरोग आयोगात अखेरपर्यंत काम केले. मधल्या काळात डॉक्टरांच्या जीवनावर चार कादंबऱ्याही लिहिल्या. कृत्रिम टेस्टोस्टेरॉन उपलब्ध झाल्यावर, पन्नाशीच्या पुढे, त्यांनी तेही घेतले.

गिल्बर्ट यांनी १९२० मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नाव दिले नाही, फक्त एक अक्षर दिले. आपल्या रुग्णाला त्यांनी मदत केली हे खरे, पण लेखात तपशील इतके होते की १९७६ मध्ये एका इतिहासकाराने त्यावरून माणूस हुडकून काढला. केस रिपोर्ट लिहिताना मी स्वतः वय, गाव आणि धंदा किती सहज लिहून टाकत आलो, ते हा लेख वाचल्यावर ध्यानात आले.

हार्ट १ जुलै १९६२ रोजी हृदयविकाराने गेले. आपली खासगी पत्रे आणि छायाचित्रे जाळून टाकावीत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. एडना आणखी वीस वर्षे जगल्या. आपली मालमत्ता त्यांनी ओरेगॉनमधल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेला रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ठेवली. हार्ट यांची आई त्या आजाराने गेली होती.