वसईच्या बागायतीचा पुत्र : संत गोन्सालो गार्सिया

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वसलेल्या आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं समुद्रकांठच्या एका संताचें चरित्र कां सांगावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हें कीं, १९९८ सालीं स्थापन झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांतांत किनाऱ्यावरील बागायत आणि हा डोंगरपट्टा हीं दोन्हीं येतात, आणि संत गोन्सालो गार्सिया हा त्या सर्वांचा आश्रयदाता आहे. शिवाय, दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून पोटासाठीं वीटभट्टीवर जाणारें येथील कुटुंब त्याच्या जीवनांत आपलेंच कांहीं ओळखील.

गोन्सालोचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता कोंकणची. वसई प्रांत १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेला होता. समुद्र व खाडी यांच्यामधील ही भूमि विहिरीच्या पाण्यावर पोसलेली. रहाटानें पाणी चढवावें, पाटानें तें वाडींत फिरवावें, केळी व पानवेली जोपासाव्यात, हा तेथील जुना उद्योग. आगाशीचीं सुकेळीं तर दूरवर नांवाजलेलीं आहेत. अशा मातींत हें रोप रुजलें. किल्ल्यांतील येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं त्याचें शिक्षण झालें.

सुमारें पंधरा वर्षांचा असतांना तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. तेथील कठीण भाषा त्यानें अशी आत्मसात केली कीं, लोक आपलेपणानें त्याचें ऐकूं लागले. आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्याची उत्कट इच्छा होती. परंतु ती सफळ झाली नाहीं. आशाभंग झालेला हा तरुण तेथून बाहेर पडला आणि व्यापारांत शिरला. व्यापारांत त्याला यश आलें. येथेंच त्याची कथा संपती, तर कोणी त्यास दोष दिला नसता. सज्जन व्यापारी, एवढीच त्याची ओळख राहिली असती. परंतु अंतःकरणांतील हांक शमली नाहीं. मनिला येथें फ्रान्सिस्कन साधूंच्या सहवासांत त्यानें व्यापार सोडला, आणि धर्मगुरूचीं नव्हेत तर साध्या धर्मबंधूचीं वस्त्रें अंगावर घेतलीं.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानला पाठविलें, तेव्हां गोन्सालो त्यांचा दुभाष्या झाला. सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढें वसईचा हा पुत्र उभा राहिला. क्योतो नगरांत साधूंना जागा मिळाली. तेथें देऊळ व रुग्णालयें उभीं राहिलीं आणि महारोग्यांची शुश्रूषा होऊं लागली. ज्या जिभेनें पूर्वीं सौदे केले, तीच आतां दीनदुबळ्यांना दिलासा देऊं लागली.

१५९६ च्या ऑक्टोबरांत स्पेनचें सान फेलिपे नांवाचें जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यावरील मालाच्या जप्तीवरून वाद माजला, आणि धर्मप्रसारक हे परराज्याचे हस्तक होत, असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला. डिसेंबरांत साधूंना अटक झाली. ३ जानेवारी १५९७ रोजीं बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, आणि भर हिंवाळ्यांत त्यांना क्योतोहून नागासाकीस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी रोजीं निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व बाकीचे जपानी प्रापंचिक होते. एक तर अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. ज्या संघांत गोन्सालोला प्रवेश मिळाला नव्हता, त्याच संघाचे तिघे मरणांत त्याचे सोबती झाले.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं त्यांस धन्य, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेला हा पहिला संत होय. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली, किल्ल्यांतील देवळें पुढें ओस पडलीं. परंतु वाड्यांतील कुटुंबांनीं श्रद्धा राखिली. गास येथील देऊळ ह्याच संताच्या नांवाचें आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, गोन्सालो आधीं परक्यांची भाषा शिकला आणि मग त्यांना धर्म सांगूं लागला. बाहेरून ह्या डोंगरांत येणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हा मोठा धडा आहे. वारली व कोकणा बांधवांची बोली न शिकतां केलेला उपदेश बंद दाराशीं बोलण्यासारखा होय; आणि ह्या उणीवेपासून मीही मुक्त नाहीं, हें नम्रपणें कबूल करितों. तुम्हांस दुसरा धडा आहे. गोन्सालोचें मरण दूर परमुलखांत आलें. पण श्रद्धा त्यानें कोठेंही मागें ठेविली नाहीं. भट्टीवर जातांना भांड्याकुंड्यांबरोबर प्रार्थनाही न्यावी, आणि जे गांवीं राहतात त्यांनीं गेलेल्यांस रोज देवापुढें आठवावें. ज्याला एका दारीं नकार मिळाला, त्याच्यासाठीं देवानें दुसरें दार उघडलें. म्हणून आज आपणही त्याच्याकडे विश्वासानें पाहूं या.

हे संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठीं विनंति कर.