डिरोझिओ : एक तरुण अध्यापक

इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेले, केस पिकत चाललेले आणि काखेत जाड ग्रंथ असलेले एक गंभीर व्यक्तिमत्त्व उभे राहते. (आमच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी!) परंतु १८२६ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास शिकवण्यासाठी जो शिक्षक नेमला गेला, त्याचे वय होते अवघे सतरा. आपल्यापैकी अनेकजण या वयात अकरावी-बारावीच्या गुणांची चिंता करीत होते. त्याचे नाव हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ.

डिरोझिओचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. घराणे पोर्तुगीज आणि भारतीय अशा मिश्र वंशाचे. राज्यकर्ते त्याला आपला मानीत नव्हते आणि इथला समाजही त्याला परकाच समजत होता. पण डिरोझिओने मात्र या देशालाच आपली मातृभूमी मानले आणि तिच्या गतवैभवावर इंग्रजीत कविता लिहिली. धर्मतल्ला भागात डेव्हिड ड्रमंड या स्कॉटिश गुरूच्या शाळेत तो शिकला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो कारकुनीला लागला. तेथे मन रमेना म्हणून भागलपूरला मावशीच्या यजमानांच्या निळीच्या कारखान्यावर गेला. गंगेच्या काठी, पाण्यातून वर आलेला खडक पाहता पाहता त्याच्यातला कवी जागा झाला. कलकत्त्याची वर्तमानपत्रे त्याच्या कविता छापू लागली. १८२७ मध्ये पहिला संग्रह निघाला आणि १८२८ मध्ये ‘द फकीर ऑफ जंघीरा’ हे दीर्घकाव्य. सती जाण्यासाठी नेलेली एक तरुण विधवा आणि तिला चितेपासून सोडवणारा तिचा प्रियकर यांची ती करुण कथा आहे. सतीबंदीचा कायदा झाला तो त्यानंतर, डिसेंबर १८२९ मध्ये, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

परंतु डिरोझिओचे खरे काव्य म्हणजे त्याचा वर्ग. त्याची शिष्यमंडळी त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. घंटा झाली की पुस्तक मिटून निघून जाणाऱ्यांतला तो नव्हता. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, घरीदेखील मुले त्याच्याभोवती गोळा होत. १८२८ च्या सुमारास त्याने ‘अकॅडमिक असोसिएशन’ नावाची चर्चासभा सुरू केली. माणिकतल्ल्याच्या एका बागेतल्या घरात ती भरे. दैव श्रेष्ठ की प्रयत्न, मूर्तिपूजा योग्य की अयोग्य, देशप्रेम म्हणजे काय, ईश्वर आहे की नाही, अशा विषयांवर मुले तावातावाने बोलत. डेव्हिड हेअर यांच्यासारखे शिक्षणप्रेमी आणि न्यायमूर्ती एडवर्ड रायन यांच्यासारखे अधिकारीही ऐकायला येऊन बसत. आज प्रत्येक महाविद्यालयात वाङ्मय मंडळ आणि वादविवाद मंडळ असते. सूचनाफलकावर त्याची सूचना लागते आणि सभागृहात पुढच्या दोन रांगा कशाबशा भरतात. या मंडळांचा एक पूर्वज माणिकतल्ल्याच्या त्या बागेत सापडतो. १८३० मध्ये मुलांनी ‘पार्थेनॉन’ नावाचे नियतकालिक काढले, पण एका अंकानंतर चालकांनी ते बंद पाडले.

कलकत्त्यात गवगवा होऊ लागला. पोरे देवाला हात जोडीत नाहीत, वडिलांना उलट उत्तरे देतात, या साऱ्याचे मूळ तो मास्तर! पालक मुलांना कॉलेजातून काढू लागले. २३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापक मंडळाची सभा झाली. गंमत अशी की, शिक्षक म्हणून तो अयोग्य आहे असे ठरवायला बहुमत मिळाले नाही. तेव्हा प्रश्न बदलून विचारला गेला : शहरातील हिंदू समाजाची मनःस्थिती पाहता त्याला काढणे इष्ट आहे का? त्याला मात्र बहुमत मिळाले. हा प्रश्न हिंदू समाजाच्या भावनेचा आहे म्हणून हेअर आणि होरेस हेमन विल्सन यांनी मत दिले नाही. डिरोझिओला बाजू मांडण्याची संधीही मिळाली नाही. त्याने राजीनामा दिला.

विल्सन यांनी नंतर पत्राने त्याला आरोपांचा खुलासा विचारला. त्याचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. ईश्वराविषयी शंका घेणाऱ्या ह्यूमचे विचार आपण मुलांना सांगितले, तसेच त्याला खोडून काढणाऱ्या रीड आणि स्ट्युअर्ट यांचेही सांगितले, असे त्याने कळवले. आईवडिलांची आज्ञा मोडायला आपण शिकवतो हा आरोप तर त्याने साफ नाकारला. दक्षिणारंजन मुखर्जी हा त्याचा विद्यार्थी वडिलांच्या जाचाला कंटाळून घर सोडायला निघाला होता, तेव्हा डिरोझिओनेच त्याला परावृत्त केले होते. घरच्या वडीलधाऱ्यांशी उद्धटपणे वागलेल्या दुसऱ्या एकाला, क्षमा मागितल्याखेरीज मी तुझ्याशी बोलणार नाही, असे त्याने बजावले होते.

ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, त्यांना हा आरोप परका वाटणार नाही. पुस्तकातला प्रश्न घरी नेला तर आई दुखावते, वडील म्हणतात, याचसाठी शिकवले का? आणि तो गिळला तर शिकून उपयोग काय? ज्यांनी शेतात राबून फी भरली त्यांच्यासमोर शहाणपणा मिरवणे हे शिक्षण नव्हे. पण त्यांच्यासाठी डोळे मिटून घेणे हेही नव्हे. डिरोझिओने मुलांना ही दोन्ही टोके टाळायला सांगितले होते, असे त्या पत्रावरून दिसते.

शिष्यांना ते नेहमीच साधले असे नाही. ऑगस्ट १८३१ मध्ये कृष्णमोहन बॅनर्जीच्या घरी, तो नसताना, मित्रांनी गोमांस खाऊन हाडे शेजाऱ्याच्या अंगणात फेकली. त्यापायी कृष्णमोहनला घर सोडावे लागले. शेजाऱ्याला डिवचणे म्हणजे सुधारणा नव्हे, हे त्या मुलांना तेव्हा उमगले नाही. पण याच ‘यंग बंगाल’ मंडळीतून पुढे रामगोपाल घोष हा वक्ता, रामतनू लाहिरी हा आदर्श शिक्षक, बंगाली कादंबरीचा पाया घालणारा प्यारीचंद मित्र आणि एव्हरेस्टच्या उंचीचे गणित मांडणारा राधानाथ सिकदर असे मोहरे निघाले.

नोकरी गेल्यावर डिरोझिओने ‘द ईस्ट इंडियन’ हे पत्र काढले. पण आयुष्याची दोरी तोकडी होती. पटकीने त्याला गाठले. ज्यांना बिघडवल्याचा त्याच्यावर ठपका होता, तेच विद्यार्थी उशाशी बसून शुश्रूषा करीत होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली. त्यानंतर अवघ्या अकराव्या दिवशी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. दोघांची गाठ पडल्याचे ठाऊक नाही, पण दोघेही विशीतले आणि दोघेही नव्या विद्येचे शिक्षक.

हिंदू कॉलेजचे १८५५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि २०१० मध्ये विद्यापीठ. ज्या संस्थेने त्याला पाच वर्षेही नीट ठेवून घेतले नाही, तिच्या इतिहासात आज त्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. मोठी पदवी नाही, मोठा ग्रंथसंभार नाही, दीर्घायुष्य तर नाहीच. मुलांना विचार करायला लावणे एवढेच त्याने केले. आपल्या मंडळाच्या पुढच्या सभेला मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्याने उठून पहिला प्रश्न विचारला, तर तीच त्या तरुण मास्तरांना खरी आदरांजली ठरेल.